बहुवारिके आणि 'नियंत्रित' औषध-वितरण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कोणत्या रोगावर कोणते औषध द्यावे हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ते औषध शरीरात किती वेगाने आणि किती काळ मिळत राहावे हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. गोळी घेतल्यानंतर रक्तातील औषधाचे प्रमाण झपाट्याने वाढते व काही तासांत उतरते. ते प्रमाणाबाहेर वाढले तर दुष्परिणाम होतात आणि फार उतरले तर औषध निष्प्रभ ठरते. हा चढउतार टाळण्यासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुवारिकांचा, म्हणजेच पॉलिमरचा, उपयोग होऊ लागला. त्यातून 'नियंत्रित औषध-वितरण' ही ज्ञानशाखा उदयास आली.

या शाखेचा इतिहास सामान्यतः शोध आणि शोधकर्ते यांच्या क्रमाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे एका वेगळ्या प्रश्नाच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. औषधाच्या वेगाचे नियंत्रण बहुवारिकाकडे गेल्यानंतर ते औषध थांबविण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाकडे राहिला, हा तो प्रश्न होय.

प्रारंभीचा काळ

१९५२ मध्ये अमेरिकेत 'स्पॅन्स्यूल' या नावाने एक कॅप्सूल बाजारात आली. तिच्यातील बारीक दाण्यांवर कमी-अधिक जाडीचे लेप दिलेले असत. त्यामुळे काही दाणे लवकर, तर काही उशिरा विरघळत आणि एका मात्रेचा परिणाम सुमारे बारा तास टिके. १९६१ मध्ये टाकेरू हिगुची यांनी आधारद्रव्यात मिसळलेले औषध किती वेगाने बाहेर पडेल याचे गणिती समीकरण मांडले. बाहेर पडणारे एकूण औषध काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग क्रमाने मंदावत जातो, असे त्यातून स्पष्ट झाले.

या विषयाला खरी कलाटणी १९६४ मध्ये मिळाली. ज्युडा फोकमन आणि डेव्हिड लाँग यांनी सिलिकोन रबराच्या भिंतीतून काही औषधे दीर्घकाळ संथपणे झिरपत राहतात, असे दाखवून दिले. या भिंतीच्या आत औषधाचा पुरेसा साठा असेल, तर भिंतीची जाडी, तिचे क्षेत्रफळ आणि तीत औषध किती विरघळते या गोष्टींवर वेग ठरतो व तो बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो. शरीरात बसवलेली एक लहानशी कुपी रोजच्या मात्रेची जागा घेऊ शकते, ही कल्पना येथून पुढे रुजली.

१९६८ मध्ये मूळचे उरुग्वेचे असलेले अलेहांद्रो झाफारोनी यांनी 'अल्झा' ही कंपनी केवळ याच उद्देशाने स्थापन केली. तिचे 'ऑक्युसर्ट' १९७४ मध्ये मान्यताप्राप्त झाले. काचबिंदूच्या रुग्णाला पायलोकार्पिनचे थेंब दिवसातून अनेकदा डोळ्यांत घालावे लागत. त्याऐवजी पापणीखाली ठेवलेली ही पातळ चकती सात दिवस औषध सोडत असे. ती रुग्णाला स्वतःच्या हाताने काढून टाकता येई, ही बाब येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९७६ मध्ये आलेले 'प्रोजेस्टासर्ट' हे गर्भाशयात बसवायचे साधन रोज ६५ मायक्रोग्रॅम प्रोजेस्टेरोन याप्रमाणे वर्षभर चाले. ते बसविण्यासाठी डॉक्टरांची आवश्यकता असे.

त्याच वर्षी रॉबर्ट लँगर व फोकमन यांनी प्रथिनांसारखे मोठे रेणूही बहुवारिकातून संथपणे सोडता येतात, असे सिद्ध केले. तोपर्यंत ही गोष्ट अशक्यप्राय मानली जात होती.

नॉरप्लान्ट : सहा कुप्या आणि पाच वर्षे

फोकमन-लाँग यांच्या तत्त्वाचा सर्वाधिक व्यापक वापर गर्भनिरोधनाच्या क्षेत्रात झाला. न्यूयॉर्कच्या पॉप्युलेशन कौन्सिलमधील शेल्डन सीगल आणि चिलीचे ओरासिओ क्रोक्झॅटो यांच्या कार्यातून 'नॉरप्लान्ट' विकसित झाले. ३४ मिलीमीटर लांबीच्या सहा सिलिकोन कुप्यांमध्ये प्रत्येकी ३६ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल भरलेले असे. दंडाच्या आतील बाजूस त्वचेखाली त्या बसविल्या जात. आरंभी रोज सुमारे ८५ मायक्रोग्रॅम औषध बाहेर पडे. दीड वर्षानंतर हे प्रमाण ३५ वर आणि पुढे सुमारे ३० वर स्थिरावे. परिणाम पाच वर्षे टिके. १९८३ मध्ये फिनलंडने आणि डिसेंबर १९९० मध्ये अमेरिकेने त्यास मान्यता दिली.

अमेरिकेतील मान्यतेला काही दिवसच झाले असताना फिलाडेल्फियातील एका वृत्तपत्राने गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांना नॉरप्लान्ट वापरण्यासाठी प्रोत्साहन द्यावे, असे सुचविणारा अग्रलेख छापला. तीव्र निषेधानंतर वृत्तपत्राने क्षमा मागितली. जानेवारी १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील एका न्यायाधीशाने एका आरोपी स्त्रीला तुरुंगाबाहेर राहू देताना नॉरप्लान्ट बसविण्याची अट घातली. त्याच वर्षी कॅन्सस राज्याच्या विधिमंडळात सरकारी मदतीवर जगणाऱ्या स्त्रियांनी ते बसविल्यास ५०० डॉलर देण्याचा प्रस्ताव आला, परंतु तो संमत झाला नाही. अशा सक्तीच्या वापरास स्वतः सीगल यांनी जाहीर विरोध केला.

या घटना नॉरप्लान्टच्याच बाबतीत का घडल्या, याचे उत्तर त्याच्या रचनेत सापडते. गोळी घेणे स्त्री कोणत्याही दिवशी बंद करू शकते. नॉरप्लान्ट काढण्यासाठी मात्र दंडाला चीर देऊन सहा कुप्या शोधून काढाव्या लागत. त्यासाठी प्रशिक्षित हात, वेळ व दवाखाना आवश्यक होता. ज्या गुणामुळे ते सोयीचे ठरले, त्याच गुणामुळे ते दुसऱ्याच्या ताब्यातील साधनही ठरू शकत होते. बांगलादेश व इंडोनेशिया येथे कुप्या काढून घेण्याची मागणी टाळली जात असल्याच्या तक्रारी नोंदविल्या गेल्या. पुढे आठ विकसनशील देशांत झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्यापक पाहणीत नॉरप्लान्ट परिणामकारक व सुरक्षित असल्याचे आढळले. तरीही अमेरिकेतील त्याची विक्री २००२ मध्ये कायमची थांबविण्यात आली. औषधाची सुरक्षितता सिद्ध झाली म्हणजे वापराच्या पद्धतीविषयीचे प्रश्न मिटतात असे नाही, हे या प्रकरणावरून दिसते.

भारतीय संदर्भ

भारतात हा प्रश्न प्रथम एका इंजेक्शनच्या निमित्ताने न्यायालयात गेला. 'नेट-एन' हे तेलात विरघळविलेले दीर्घकालीन गर्भनिरोधक होते. त्यात बहुवारिक नसले तरी एकदा टोचल्यावर ते परत घेता येत नसे. हैदराबादजवळील चाचणीत सहभागी स्त्रियांना पुरेशी माहिती दिली नसल्याचा आक्षेप घेऊन हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची सहेली व इतरांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दोन कांड्यांच्या 'नॉरप्लान्ट-२' ची चाचणी घेतली, तेव्हाही मुंबईच्या फोरम फॉर विमेन्स हेल्थसारख्या गटांनी याच स्वरूपाचे आक्षेप घेतले.

आणीबाणीच्या काळातील सक्तीच्या नसबंदीची आठवण तेव्हा ताजी होती. लक्ष्यांक पूर्ण करणारी यंत्रणा काढून टाकण्याची विनंती तितक्याच तत्परतेने ऐकेल काय, ही शंका त्यामुळे निराधार म्हणता येत नाही. २०२३ पासून एका कांडीचे, तीन वर्षे चालणारे रोपण भारतातील काही राज्यांच्या निवडक जिल्ह्यांत शासकीय कार्यक्रमातून देण्यास सुरुवात झाली. ही कांडी काढणे सहा कुप्यांच्या तुलनेत सोपे आहे. तथापि, ते काढून देण्याची सोय बसविण्याच्या सोयीइतकीच जवळ असणे आवश्यक आहे.

विघटनशील बहुवारिके व लक्ष्यवेधी वितरण

शरीरातच विरघळणाऱ्या बहुवारिकांनी काढून घेण्याची गरजच संपविली. विरघळणाऱ्या टाक्यांसाठी वापरात असलेल्या लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लांच्या सहबहुवारिकापासून सूक्ष्म गोलक तयार करण्यात आले. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील ल्युप्रोलाइडचे महिनाभर चालणारे इंजेक्शन अमेरिकेत १९८९ मध्ये याच पद्धतीने आले. १९९६ मध्ये मान्यता मिळालेल्या 'ग्लायडेल' चकत्या मेंदूतील गाठ काढल्यानंतर त्याच पोकळीत ठेवल्या जातात व तेथेच औषध सोडतात. लक्ष्यवेधी वितरणाच्या दिशेने १९७५ मध्ये हेल्मुट रिंग्सडॉर्फ यांनी औषध बहुवारिकाच्या साखळीला जोडण्याचा आराखडा मांडला. १९८६ मध्ये मात्सुमुरा व माएदा यांनी मोठे रेणू गाठीच्या सच्छिद्र रक्तवाहिन्यांतून गाठीत अधिक साचतात, असे दाखविले.

या उपचारांनी असंख्य रुग्णांचा त्रास कमी केला आहे. मात्र टोचलेले सूक्ष्म गोलक डॉक्टरांनाही परत काढता येत नाहीत. त्यामुळे रुग्णाच्या संमतीचा सारा भार उपचारापूर्वीच्या एका क्षणावर येऊन पडतो.

निष्कर्ष

१) ऑक्युसर्ट रुग्ण स्वतः काढू शके, नॉरप्लान्टसाठी प्रशिक्षित व्यक्ती लागे आणि सूक्ष्म गोलक कोणालाच काढता येत नाहीत. अशा प्रकारे थांबविण्याचा अधिकार रुग्णापासून दूर गेला.

२) 'नियंत्रित' या शब्दाचा शास्त्रीय अर्थ वेगापुरता मर्यादित आहे. समाजात मात्र त्यास सत्तेचा अर्थही प्राप्त होतो व त्याची झळ प्रथम दुर्बल घटकांना बसते.

३) यास्तव अशा साधनाचे मूल्यमापन करताना ते किती काळ चालते यासोबत ते कोण, कोठे व किती दिवसांत थांबवू शकतो याचीही नोंद व्हावी. पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती हा या तंत्राचाच एक भाग मानला जाणे इतिहासाच्या दृष्टीने अगत्याचे आहे.