खाणींची जाणकार फर्स्ट लेडी

भूशास्त्राच्या पहिल्या तासाला मी वर्गातल्या मुलींना लू हेन्रीबद्दल सांगत असे. ती अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांची पत्नी होती, हे मात्र सगळ्यात शेवटी.

१८७४ साली आयोवात जन्मलेली लू वाढली कॅलिफोर्नियात. घोड्यावर बसणं, मासे धरणं, रानात मुक्काम ठोकणं हे सगळं तिला वडिलांनी शिकवलं. सतराव्या वर्षीचा तिचा एक फोटो आहे: गाढवावर बसलेली, हातात बंदूक. भूशास्त्राचे प्रा. ब्रॅनर यांचं व्याख्यान ऐकून ती स्टॅनफर्डला गेली आणि १८९८ मध्ये तिथून भूशास्त्राची पदवी घेणारी पहिली स्त्री ठरली. पण बाईला भूशास्त्रज्ञाची नोकरी द्यायला कुणी तयार नव्हतं. याचा मला आजही राग येतो.

फेब्रुवारी १८९९ मध्ये लग्न झालं आणि दुसऱ्याच दिवशी दोघं चीनला निघाली. तिथं ती चिनी शिकली. १९०० मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर बंडात त्येनत्सिन शहराला वेढा पडला, तेव्हा पिस्तूल जवळ बाळगून ती सायकलवरून जखमींच्या शुश्रूषेला जाई. निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचा नाद तिला तिथंच लागला आणि तो सुटला नाही. पुढं व्हाइट हाउसमध्ये चारचौघांत खासगी काही बोलायचं असलं, की नवरा-बायको चिनीत बोलत.

तिचं सर्वांत मोठं काम मात्र त्याआधीचं. खाणकामावरचा अ‍ॅग्रिकोलाचा ‘दे रे मेतालिका’ हा १५५६ चा लॅटिन ग्रंथ हूव्हर दांपत्यानं इंग्रजीत आणला. खाणीतलं पाणी उपसायची चाकं, आत हवा खेळवायची यंत्रं, धातू गाळायच्या भट्ट्या असं सगळं त्यात चित्रांसह आहे. लूचं लॅटिन उत्तम होतं. पण नुसत्या लॅटिनवर हा ग्रंथ उलगडत नाही, त्याला खनिजांची पारख लागते. तिच्यापाशी दोन्ही होतं. मजकुरातल्या काही प्रक्रिया त्यांनी प्रयोगशाळेत करून पाहिल्या. पाचेक वर्षं खपून १९१२ मध्ये लंडनला पुस्तक निघालं, दोघांच्या नावानं. १९१४ मध्ये त्यासाठी दोघांना सुवर्णपदक मिळालं.

१९२९ ते १९३३ ही व्हाइट हाउसची वर्षं मंदीनं झाकोळली. तरी जून १९२९ मधली एक गोष्ट विसरता येत नाही. काँग्रेसमधले कृष्णवर्णीय सदस्य ऑस्कर डी प्रीस्ट यांच्या पत्नी जेसी यांना तिनं इतर सदस्यांच्या पत्नींप्रमाणेच चहाला बोलावलं. दक्षिणेतल्या काही विधिमंडळांनी निषेधाचे ठराव केले, पण तिनं माफी मागितली नाही.

१९४४ मध्ये ती गेली. फर्स्ट लेडींच्या पुस्तकांत पोशाख आणि मेजवान्याच फार असतात. लूची जागा खाणकामाच्या इतिहासात आधी आहे, असं माझं ठाम मत आहे. भूशास्त्र शिकणाऱ्या मुलींनी ते भाषांतर जरूर मिळवावं आणि त्यातल्या तळटीपा वाचाव्यात.