मागच्या ॲक्सलचा आवाज आणि दिल्लीचे मिस्त्री

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या साडेतीन दशकांत दिल्लीच्या रस्त्यांवर धावणाऱ्या बहुतेक मोटारींना मागच्या चाकांकडून गती मिळत असे, आणि त्यामुळे गाडीच्या मागच्या भागातून येणाऱ्या ‘टक-टक’ आवाजाचे मूळ शोधून काढणे हे तेथील मोटार-मिस्त्रीच्या कसबाची खरी परीक्षा मानले जाई. इंजिनातील बिघाड धुरावरून, तापमानावरून किंवा तेलाच्या रंगावरूनही ओळखता येतो. मागच्या ॲक्सलचा बिघाड मात्र बंद पोलादी पेटीत दडलेला असतो आणि ती पेटी उघडण्यापूर्वी कानाखेरीज दुसरे साधन हाताशी नसते. ही विद्या ग्रंथांतून फारशी शिकली गेली नाही. ती उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी आणि हातोहात गेली. तरीही तिच्या घडणीमागे फाळणी, आयात-धोरण, परवाना-पद्धती आणि बाजारपेठांची स्थलांतरे असा मोठा इतिहास उभा आहे, आणि तो लक्षात घेतल्याशिवाय राजधानीतील या व्यवसायाचे स्वरूप नीट उमगत नाही.

ज्या यंत्रणेभोवती ही विद्या वाढली तिची रचना आधी पाहणे सोयीचे ठरेल. इंजिन पुढे आणि चालक चाके मागे असलेल्या गाडीत गिअरबॉक्समधून निघालेला लांब दांडा, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट, गाडीच्या पोटाखालून मागे जातो. रस्त्याच्या चढउतारांबरोबर ॲक्सल वरखाली होत असल्याने या दांड्याच्या टोकांना सर्व दिशांनी वळू शकणारे सांधे लागतात, ज्यांना त्यांच्या अधिकच्या चिन्हासारख्या आकारामुळे मिस्त्री ‘क्रॉस’ म्हणतात. दांड्याच्या शेवटी पिनियन हे लहान दंतचक्र असते आणि ते क्राउन या मोठ्या दंतचक्राला फिरवते. क्राउनला जोडलेली डिफरन्शियल नावाची चक्रमालिका वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त फिरू देते. हे सर्व ज्या पोलादी आवरणात बसते ते हाउसिंग दोन्ही बाजूंना पाट्यांवर टेकलेले असते. पाटे म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या, ज्यांना दिल्लीत कमानी म्हणतात. पाट्यांची टोके चेसिसला शॅकल या हलत्या कड्यांनी आणि रबरी किंवा धातूच्या बुशांनी जोडलेली असतात. एकच ‘टक’ असा आवाज यांपैकी कोणत्याही ठिकाणाहून येऊ शकतो, आणि शिवाय चाकाचा बेअरिंग, ब्रेकचा ड्रम, ढिला झालेला नट किंवा टायरच्या खाचेत अडकलेला खडाही तो काढू शकतो.

या व्यवसायाचे दिल्लीतील पहिले महत्त्वाचे ठाणे कश्मीरी गेट हे होय. शहाजहानाबादच्या उत्तरेचा हा दरवाजा, आणि त्याच्या पलीकडे 1857 नंतर वाढलेली सिव्हिल लाइन्सची गोऱ्यांची वस्ती. 1911 मध्ये राजधानी दिल्लीला हलवण्याची घोषणा झाल्यावर 1931 मध्ये नव्या दिल्लीचे उद्घाटन होईपर्यंत शासनाचे तात्पुरते सचिवालय याच बाजूला असल्याने मोटारी बाळगणारा वर्गही येथेच एकवटला. त्या काळातील अनेक गाड्या अमेरिकी होत्या, आणि त्यांपैकी पुष्कळ मुंबईमार्गे येत. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला सुट्या भागांची जुळणी करणारा कारखाना काढला होता. गाड्यांच्या जाती अनेक आणि प्रत्येकीची संख्या थोडी अशी स्थिती असल्याने दुरुस्ती हे मुख्यतः भाग मागवून बदलण्याचे काम राहिले.

हे चित्र दुसऱ्या महायुद्धाने आणि फाळणीने पालटले. युद्ध संपल्यावर लष्कराकडील जीप, ट्रक आणि त्यांचे सुटे भाग ‘डिस्पोजल’ या नावाने विक्रीस निघाले, आणि थोड्याच काळात पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांनी दिल्लीची लोकसंख्याच बदलून टाकली. या निर्वासितांत लोहारकाम आणि सुतारकाम परंपरेने करणारे रामगढिया शीख कारागीर होते, तसेच लाहोर-रावळपिंडीकडे मोटार-वाहतुकीत मुरलेले व्यापारीही होते. भांडवल हरवलेल्या माणसाला हाताच्या कसबावर आणि भंगाराच्या ढिगावर जे उभारता येईल ते त्यांनी उभारले. कश्मीरी गेटच्या निकल्सन रोड, हॅमिल्टन रोड या गल्ल्यांत आणि शेजारच्या मोरी गेटला सुट्या भागांची दुकाने दाटली, करोल बागेत दुरुस्तीचा आणि जुन्या गाड्यांचा व्यवहार वाढला, जामा मशिदीजवळ जुन्या भागांचा बाजार भरू लागला. हजरत निजामुद्दीनजवळच्या ‘अरब की सराय’ या मोगलकालीन आवारात सुरू झालेले औद्योगिक प्रशिक्षण केंद्रही याच काळातील आहे; पण बहुसंख्य मिस्त्री अशा संस्थांतून न येता दहा-बारा वर्षांच्या वयात पाने पुसण्यापासून सुरुवात करून वर चढले, आणि या पद्धतीने जितके कसब घडवले तितकेच बालपणही गिळले, हे विसरून तिचे गुणगान करणे योग्य नाही.

निर्णायक बदल धोरणाने केला. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनने केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना जागा ठेवू नये, भारतात प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्यांनाच परवाना द्यावा, अशी शिफारस केली आणि पाठोपाठ जनरल मोटर्स व फोर्ड यांनी भारतातील जुळणी थांबवली. उरल्या त्या प्रामुख्याने उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स, वालचंद हिराचंद यांनी स्थापलेली कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर बेतलेली ॲम्बॅसडर 1957 मध्ये आली आणि 2014 पर्यंत निघत राहिली. तिचा एकसंध मागचा ॲक्सल आणि त्याखालचे पाटे या मूळ कल्पनेला इतक्या वर्षांत धक्का लागला नाही. सरकारी कचेऱ्यांच्या पांढऱ्या गाड्या आणि शहरातील काळ्या-पिवळ्या टॅक्स्या मुख्यतः याच जातीच्या असल्याने दिल्लीच्या मिस्त्रीसमोर तोच ॲक्सल वर्षानुवर्षे येत राहिला. स्थितिशील तंत्रज्ञान म्हणून या काळावर टीका होते आणि ती रास्तही आहे. परंतु वस्तू जेव्हा दीर्घकाळ बदलत नाही तेव्हा तिच्याविषयीचे ज्ञान अतिशय खोल जाते, आणि दिल्लीच्या मिस्त्रीचा कान हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

या कानाची पद्धत मोजणीवर आधारलेली होती, ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे, कारण तिला सर्रास केवळ अंदाज किंवा सवय समजले जाते. चाक एकदा फिरते तेव्हा अशा गाड्यांत प्रॉपेलर शाफ्ट चार ते पाच वेळा फिरतो. ॲम्बॅसडरच्या चाकाचा घेर सुमारे दोन मीटर. म्हणजे माणसाच्या चालीने, ताशी पाच किलोमीटरच्या आसपास, गाडी ढकलली तर चाकाची एक फेरी साधारण दीड सेकंदात होते आणि तेवढ्याच वेळात शाफ्टच्या चार-पाच फेऱ्या पूर्ण होतात. आवाज सावकाश, चाकाच्या लयीने येत असेल तर दोष चाक, ड्रम, बेअरिंग किंवा क्राउनच्या एखाद्या तुटक्या दातात असतो. तो भराभर येत असेल तर क्रॉस किंवा पिनियनकडे पाहावे लागते. वेग वाढला की हे सारे ठोके एकमेकांत मिसळून नुसता खडखडाट उरतो, म्हणून अनुभवी मिस्त्री गाडी पळवून पाहण्यापेक्षा रिकाम्या गल्लीत हळू चालवून, शेजारी स्वतः चालत, ऐकणे पसंत करी.

पुढची पायरी अधिक सूक्ष्म असे. चाकाच्या लयीने येणारा आवाज बेअरिंगचा की क्राउनचा, हे ठरवण्यासाठी एक चाक जॅकवर उचलून, दुसरे जमिनीवर घट्ट ठेवून आणि गिअर न्यूट्रलला टाकून उचललेले चाक हाताने फिरवतात. डिफरन्शियलच्या नियमानुसार क्राउनचा वेग दोन्ही चाकांच्या वेगांच्या सरासरीइतका असतो, त्यामुळे एक चाक थांबलेले असताना फिरत्या चाकाच्या दोन फेऱ्यांत क्राउनची एकच फेरी होते. ठोका दर फेरीला पडला तर दोष चाकापाशी, एक फेरी सोडून पडला तर क्राउनमध्ये. हे गणित पाठ्यपुस्तकाच्या भाषेत मांडता येत नसले तरी त्याचा निष्कर्ष हातांना ठाऊक असलेले मिस्त्री होते, आणि त्यांच्या ज्ञानाला शास्त्र म्हणण्यास हरकत घेण्याचे कारण दिसत नाही.

फिरण्याशी संबंध नसलेले आवाज वेगळे ओळखले जात. खड्ड्यातून जातानाच ‘टक’ झाले तर शॅकलचे बुश झिजलेले किंवा पाट्यांना ॲक्सलशी आवळणारे यू-बोल्ट ढिले. क्लच सोडताना किंवा पुढून मागे गिअर बदलताना एकच ठोका पडला तर क्रॉसमधील सुईसारख्या बेअरिंगांची झीज किंवा क्राउन-पिनियनमधील वाढलेली मोकळीक. केवळ वळणावर ऐकू आले तर डिफरन्शियलच्या आतल्या लहान चक्रांचा दोष. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक हाउसिंगवर आणि मूठ कानाच्या हाडावर टेकवून आवाजाची जागा नेमकी शोधली जाई. पोलादातून ध्वनी थेट हाडात उतरतो आणि भोवतालचा गोंगाट मागे पडतो.

दुरुस्तीत मात्र बाजार निर्णायक ठरे. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवले जातात, त्यामुळे ती जोडी मोडली की दोन्ही भाग स्वतंत्रपणे चांगले असूनही गाडी आवाज करते. नवी जोडी महाग, तर भंगारात मिळणाऱ्या चक्रांची जोडी अनेकदा तुटलेली. म्हणून जाणते गिऱ्हाईक दोन्हींवर कोरलेले क्रमांक ताडून पाहूनच सौदा करी. बसवताना दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून चक्र फिरवीत, उमटलेल्या ठशावरून दात टोकाला घासतात की बुडाशी हे पाहत, आणि पातळ पत्र्याच्या चकत्या कमीजास्त करून पिनियन पुढेमागे सरकवीत. झिजलेले दांडे खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवर काम करणाऱ्याकडे, जात. या भंगाराचे मोठे केंद्र पहाडगंजलगतच्या मोतिया खानला होते. 1970 च्या दशकात ते पश्चिम दिल्लीतील मायापुरीला हलवले गेले आणि तेथे जुन्या गाड्या मोडण्याचा अवाढव्य उद्योग उभा राहिला. त्याच मायापुरीत 2010 मध्ये भंगारात आलेल्या एका प्रयोगशाळेच्या यंत्रातील कोबाल्ट-60 मुळे कामगारांना किरणोत्साराची बाधा झाली आणि एकाचा मृत्यू ओढवला. वस्तू ओळखण्याचे कसब जेथे पोटापाण्याचे साधन आहे तेथेच न ओळखता येणारी वस्तू येऊन पडली.

गुडगावच्या मारुती उद्योगातून डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 800 बाहेर पडली आणि ॲक्सलच्या आवाजाचा भूगोलच बदलला. या गाडीची पुढची चाके चालक असल्याने मागे क्राउन-पिनियन नव्हते, प्रॉपेलर शाफ्टही नव्हता. मागून आवाज आलाच तर तो बेअरिंगचा, ड्रमचा किंवा बुशांचा. त्याऐवजी स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढून येणारी ‘टक-टक’ मिस्त्रींना शिकावी लागली. ती पुढच्या शाफ्टच्या बाहेरील सांध्याची असते: त्यावरचे रबरी आवरण फाटले की ग्रीस बाहेर जाते, धूळ आत शिरते आणि पोलादी गोळ्यांच्या वाटा खणल्या जातात. या सांध्याची दुरुस्ती होत नाही, तो बदलावा लागतो, आणि असे सांधे व शाफ्ट बनवणारे कारखाने फरिदाबादमध्ये उभेही राहिले. मारुतीचीच ओम्नी व्हॅन आणि जिप्सी यांनी मागचा चालक ॲक्सल टिकवून धरला, म्हणून जुनी विद्या लगेच लोपली नाही. पण निदान आणि दुरुस्ती ही एकाच माणसाची दोन कामे होती, ती यानंतर हळूहळू वेगळी झाली.

याच परिसराने पुढे उलट दिशेचा प्रवासही पाहिला. 1990 च्या दशकात गुडगावात सुरू झालेल्या सोना समूहाच्या कारखान्यात डिफरन्शियलची चक्रे अचूक फोर्जिंगने, म्हणजे तापवलेले पोलाद साच्यात दाबून, बनू लागली आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांसाठीही ती निर्यात होऊ लागली. दुसरीकडे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या 2014 व 2015 च्या आदेशांनी, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दिलेल्या दुजोऱ्याने, राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना रस्ता बंद झाला. हवेच्या दृष्टीने त्यामागची निकड नाकारता येत नाही. पण मागच्या ॲक्सलचे दात झिजावेत इतके आयुष्य या आदेशांनंतर दिल्लीतील खासगी मोटारीला क्वचितच लाभू लागले. तेथील परिवहन खात्याचे ना-हरकत पत्र घेऊन अशा कित्येक गाड्या इतर राज्यांत जातात, तेथे त्यांची नव्याने नोंदणी होते, आणि त्यांच्या क्रॉस, बुश व बेअरिंगांची मागणी तेथील जिल्ह्यांच्या गावांतून कश्मीरी गेटच्या दुकानांकडे येत राहते.