शंकरराव चव्हाण : पदांची यादी आणि त्यामागचा काळ

एखाद्या मंत्र्याच्या कारकिर्दीवर काम करायचं ठरलं की आपण आधी पदांची यादी करतो. शंकरराव चव्हाणांची यादी केली तर पान भरतं. दोनदा मुख्यमंत्री (१९७५-७७ आणि १९८६-८८), केंद्रात शिक्षण, नियोजन, संरक्षण, अर्थ आणि दोनदा गृह. पण कुठलं खातं किती वर्षं हातात होतं, हे मोजायला हवं. (विज्ञानाच्या विद्यार्थ्याची खोड म्हणा.) मोजलं की कळतं, राज्याचं पाटबंधारे खातं १९६० च्या दशकात बराच काळ त्यांच्याकडे होतं.

१९२० साली पैठणला जन्मलेला, नांदेडच्या नगरपालिकेतून वर आलेला हा माणूस. पैठणलाच जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये शास्त्रीजींनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी धरणाचं उद्घाटन केलं, तेव्हा मुख्यमंत्री चव्हाण होते. आपल्या औंढा तालुक्यातलं सिद्धेश्वर आणि वरचं येलदरी ही पूर्णा प्रकल्पाची धरणंही त्याच दशकातली. मात्र मंत्री खुर्चीत होता म्हणजे धरण त्यानेच आणलं, असं लगेच लिहू नका. पूर्णेची योजना हैदराबाद राज्याच्या काळापासूनची. त्यांच्या सहीने नेमकं काय बदललं, ते फाइलीतूनच दाखवावं लागतं.

आता खरी अडचण. गावाकडची गौरवपर पुस्तकं धरणं आणि ‘हेडमास्तर’ची शिस्त सांगतात, पण ते पहिलं मुख्यमंत्रिपद जवळजवळ सगळं आणीबाणीतलं, हे घाईने उरकतात. दिल्लीच्या पुस्तकांत ते बहुधा ६ डिसेंबर १९९२ चे गृहमंत्री म्हणूनच येतात, तिथे कालव्यांचा पत्ता नसतो. बाबरी मशीद पडली तेव्हा गृहखातं त्यांच्याकडे होतं, हे तुमच्या प्रबंधात यायलाच हवं. १९९३ ची अयोध्येवरची सरकारी श्वेतपत्रिका वाचा, पण सरकार स्वतःबद्दल लिहितंय हे ध्यानात ठेवून.

आणि कागद शोधताना एक लक्षात असू द्या. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा. त्याआधीचं सगळं परभणीच्या नावाखाली सापडेल. १९५६ च्या मागे गेलात तर हैदराबाद राज्य, म्हणजे बरेच महसुली कागद उर्दूत. उर्दू वाचणारं कुणीतरी आतापासूनच गाठून ठेवा.