न उडालेले विमान आणि राखाडी रंगाचा एक थर

आज किल्ला नाही, शिलालेख नाही, मोडी कागदही नाही. आजच्या धाग्याचा विषय आहे एक विमान. तेही आमच्या शहापूरच्या घरी, पडवीत वर्तमानपत्र अंथरून जोडलेले. तरीही धागा इतिहासाचाच आहे. जरा लांब आहे, सवडीने वाचा.

घडले असे. माझा भाचा मुरबाडला सातवीत शिकतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आजोळी आला, तेव्हा अंगणात आमचा माहुली अर्धा उभा राहिला होता. माती कालवून झाली होती, उतारावर अळीव पेरले होते. दोन दिवस त्याने किल्ल्यात हात घातला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, किल्ला तू कर. मला प्रदर्शनासाठी तळपद्यांचे विमान करायचे आहे."

शिवकर बापूजी तळपदे. हे नाव ऐकले आणि मला माझेच सातवीतले भाषण आठवले. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर एका मराठी माणसाने 'मारुतसखा' नावाचे मानवरहित विमान १५०० फूट उंच उडवले. न्यायमूर्ती रानडे आणि बडोद्याचे सयाजीराव महाराज तेथे साक्षीला होते. 'केसरी'ने बातमी छापली. विमान पाऱ्यावर चालत होते. इंग्रजांनी ते दाबून टाकले. आणि राईट बंधूंचे उड्डाण त्यानंतर आठ वर्षांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी झाले. टाळ्या कडकडून पडल्या होत्या. पहिला क्रमांकही मिळाला होता. त्या प्रशस्तिपत्राची चौकट आजही आजोबांच्या खोलीत आहे, म्हणून पुढचे लिहिताना थोडा संकोच वाटतो.

पहिली अडचण साधी होती. मॉडेल करायचे तर आराखडा हवा, आणि 'मारुतसखा'चे विश्वासार्ह समकालीन छायाचित्र किंवा रेखाचित्र उपलब्ध नाही. समाजमाध्यमांवर त्याच्या नावाने फिरणारी चित्रे पुष्कळ आहेत. त्यांतले बहुतेक आकार आले आहेत 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातून. भाच्यालाही तेच आवडले: 'रुक्म विमान', एकावर एक चढत गेलेल्या थरांचे, वर निमुळते होणारे, देवळाच्या शिखराची आणि लग्नातल्या केकची एकदम आठवण करून देणारे. म्हटले, हेच करू. मात्र हे विज्ञानकथेतले वाहन आहे हे मनात पक्के ठेवून करू.

आता विज्ञानकथेतली वाहने करण्याची एक प्रतिष्ठित परंपरा आहे, आणि तिची ओळख करून दिल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. १९६५ साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवर 'थंडरबर्ड्स' ही बाहुल्यांची मालिका सुरू झाली. तिची याने डेरेक मेडिंग्ज यांच्या चमूने घडवली. बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या, विमानांच्या प्लॅस्टिक किटमधील सुटे भाग काढून ते यानांवर चिकटवायचे, ही त्यांची रीत. एका यानाच्या तळघरातील भिंतीवर चक्क लिंबू पिळण्याचे यंत्र बसवले होते आणि पडद्यावर ते भव्य यंत्रसामग्रीसारखे दिसत असे! १९६८ च्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'त हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. २५ मे १९७७ रोजी 'स्टार वॉर्स' प्रदर्शित झाला. आरंभीच्या दृश्यात पडदा व्यापून टाकणारी ती अजस्र युद्धनौका प्रत्यक्षात सुमारे तीन फूट लांबीचे मॉडेल होती.

निरनिराळ्या किटांचे भाग फोडून नवे वाहन जोडण्याला 'किटबॅशिंग' म्हणतात. पृष्ठभागावर चिकटवलेल्या, कोणतेही काम न करणाऱ्या नळ्या, झडपा, खोक्यांना 'ग्रीबल' म्हणतात. ग्रीबल काहीच करत नाही. ते फक्त डोळ्याला पटवते की येथे काहीतरी चालू आहे.

आमचे किट म्हणजे घरातली अडगळ. नरसाळे, शाम्पूच्या बाटल्यांची झाकणे, बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची दातेरी चाके, जुन्या रेडिओतली तांब्याची वेटोळी, रिकाम्या रिफिली, दोन सिरिंज, आणि म्हशाच्या जत्रेत गेल्या पौषात घेतलेल्या लाकडी बैलगाडीची चाके (बैल कधीच मोडले होते). फेव्हिक्विकने बोटे चिकटली, एम-सीलने ताटली खराब झाली, आईने दोघांना पडवीतच जेवायला वाढले.

चौथ्या दिवशी विमान उभे राहिले आणि दिसले मात्र भंगाराच्या टोपलीसारखे. लाल झाकण लालच दिसत होते, नरसाळे नरसाळेच. मग गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातून राखाडी प्रायमरचा डबा आणला. एक थर मारला. वाळल्यावर भाचा काही क्षण नुसता पाहत राहिला. नरसाळे नाहीसे झाले होते. सगळे भाग एकाच कारखान्यात, एकाच दिवशी ओतल्यासारखे दिसत होते.

तो थर वाळताना पाहिला आणि मला माझे भाषण कळले.

आता तो रंग खरवडून पाहू. तळपदे (१८६४-१९१६) हे खरे. मुंबईचे पाठारे प्रभू, जे. जे. कलाशाळेशी संबंधित, संस्कृतचे जाणकार, स्वामी दयानंदांच्या वेदभाष्याने भारावलेले. १९०७ साली त्यांनी 'प्राचीन विमान कलेचा शोध' हे पुस्तक प्रसिद्ध केले. विमानाचा ध्यास घेतलेला हा माणूस प्रयोग करत होता, यात अविश्वसनीय काही नाही. त्या दशकात जगभर हेच चालले होते. जर्मनीत लिलिएंथाल स्वतःच्या पंखांवर टेकड्यांवरून झेप घेत होता आणि १८९६ च्या ऑगस्टमध्ये त्यातच मेला. त्याच वर्षी ६ मे रोजी अमेरिकेत लँग्लीचे वाफेवर चालणारे मानवरहित विमान पोटोमॅक नदीवरून सुमारे एक किलोमीटर उडाले. लँग्लीच्या उड्डाणाचे छायाचित्र आहे, यंत्रही जपून ठेवलेले आहे.

हा झाला मूळ सांगाडा. बाकीचे भाग दुसऱ्या खोक्यांतले आहेत.

१५०० फूट हा आकडा घ्या. माहुलीची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे २८०० फूट. तिच्या निम्म्याहून वर यंत्र गेले, तर ते साऱ्या गिरगावाने, बंदरातल्या जहाजांनी, मलबार हिलवरच्या बंगल्यांनी पाहिले असते. १८९५ च्या मुंबईत इंग्रजी, मराठी, गुजराती वृत्तपत्रांची वाण नव्हती. 'केसरी'च्या बातमीचा उल्लेख माझ्या वाचनातल्या प्रत्येक लेखात आहे. अंकाची तारीख मात्र एकाही लेखात नाही. भाषण लिहिताना मीही तारीख शोधली नव्हती. ती शोधावी लागते हेच ठाऊक नव्हते.

रानडे आणि सयाजीराव यांचे काम वेगळे. मॉडेलमध्ये आकार पटवायचा असेल, तर एक छोटी शिडी किंवा माणसाची आकृती चिकटवतात. तिच्या मापाने डोळा बाकीचे सारे मोजतो. रानडे तेव्हा खरोखर मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते आणि सयाजीराव खरोखर गादीवर. दोन खरी माणसे शेजारी उभी केली की यंत्रही खरे वाटू लागते.

पाऱ्याचा भाग सर्वांत जुना. भोजराजाच्या नावे असलेल्या अकराव्या शतकातील 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांचा एक अध्याय आहे. हलक्या लाकडाचा पक्षी आणि त्याच्या पोटात तापवलेला पारा, अशी कल्पना तेथे येते. विलक्षण सुंदर कल्पना आहे. गंमत अशी, की हा ग्रंथ १९२४-२५ मध्ये छापून प्रसिद्ध झाला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत.

आणि आमचे 'रुक्म'? 'वैमानिक शास्त्र' भरद्वाज ऋषींच्या नावावर आहे. प्रत्यक्षात ते पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितले आणि दुसऱ्याने उतरवून घेतले. हिंदी आवृत्ती १९५९ ची, इंग्रजी १९७३ ची. शास्त्री आणि तळपदे यांची गाठ पडल्याच्या कथा आहेत, आणि बहुधा तेथेच हे दोन सांधे जुळले. पण कालक्रम पाहा. तळपदे वारले १९१६ मध्ये, ग्रंथाचे लेखन सुरू झाले १९१८ मध्ये. त्या ग्रंथावरून १८९५ साली विमान बांधले, असे म्हणणे म्हणजे शिवकालीन किल्ल्यावर मोबाइलचा मनोरा उभारणे. अर्थात दिवाळीच्या किल्ल्यावर तोही असतो. आमच्या माहुलीच्या पायथ्याशी यंदा जेसीबी होता.

१९७४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी या ग्रंथाची शास्त्रीय तपासणी केली. शकुन, सुंदर, रुक्म, त्रिपुर या चारही विमानांचे आकार, वजने, यंत्रणा त्यांनी पाहिल्या. निष्कर्ष असा की यांपैकी एकही उडण्याजोगे नाही आणि ग्रंथ १९०४ च्या मागे नेता येत नाही. मला त्यातला सर्वांत मोलाचा वाटतो तो चित्रांचा तपशील. शास्त्रींच्या सांगण्यावरून ती काढली टी. के. एल्लप्पा यांनी, आणि ते बंगळूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात आरेखक होते. त्या काळची यंत्रे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली. प्राचीन विमानांत आधुनिक यंत्रांचे भाग कोठून आले, याचे उत्तर तेथेच आहे. मेडिंग्ज यांच्या चाळीस वर्षे आधी बंगळूरमध्ये एक उत्तम किटबॅश कागदावर झाला होता!

हा उपहास नव्हे. कल्पनाचित्र म्हणून ती चित्रे मला आजही आवडतात. तक्रार आहे ती राखाडी थराबद्दल. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये या विमानविद्येवर निबंध वाचला गेला. त्याच महिन्याअखेर तळपद्यांवरचा 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपट आला. चित्रपटाला कल्पनेची मुभा असते. विज्ञानाच्या सभेला ती नसते.

हे सारे भाच्याला सांगितले तेव्हा आजोबा झोपाळ्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे तळपदे खोटे?" मी म्हटले, नाही आजोबा, तळपदेच तेवढे खरे. त्यांच्यावर आपण इतके काही चिकटवले आहे, की चिराबाजारातला तो धडपड्या माणूस, त्याचा खर्च, त्याचे अपयश, यांकडे कोणी पाहतच नाही. त्यांचे १९०७ चे पुस्तक भाषण करणाऱ्या किती जणांनी उघडले? मी नव्हते उघडले. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. प्रशस्तिपत्र मात्र त्यांनी भिंतीवरून काढलेले नाही, आणि मीही काढा म्हटले नाही.

उरला फलकाचा प्रश्न. प्रदर्शनात मॉडेलखाली 'जगातील पहिले विमान, १८९५' असे लिहावे, अशी एका शिक्षकांची सूचना होती. बक्षिसाची शक्यता वाढेल, हे त्यांचे म्हणणे चुकीचेही नव्हते. भाच्याने दोन दिवस विचार केला. मग स्वतःच्या अक्षरात लिहिले: 'रुक्म विमान. १९२३ च्या चित्रावरून केलेले काल्पनिक मॉडेल. साहित्य : नरसाळे, झाकणे, घड्याळ, रेडिओ, बैलगाडी.' बक्षीस मिळाले नाही. पण मुलांची गर्दी त्याच टेबलापुढे होती, कारण प्रत्येकाला त्या राखाडी यानात बैलगाडी कोठे आहे ते शोधून काढायचे होते.

येताना मुरबाड-शहापूर रस्त्यावरच्या खड्ड्यांत पाऱ्याच्या जागी बसवलेला चंदेरी मणी निखळला. तो अजून सापडलेला नाही.