सूर्यास्ताच्या आत

आम्हां जैनांच्या घरी प्रवासाचा एक नियम असतो. सूर्यास्ताच्या आत मुक्कामी पोचायचं. नुसतं पोचायचं नाही, तर हातपाय धुऊन, पाणी गाळून, शेवटचा घास पोटात जायला हवा. माझ्या लहानपणी बेळगावहून यात्रेची बस निघाली की दुपारी चारपासूनच बायकांची चुळबुळ सुरू व्हायची. "मुक्काम अजून किती लांब आहे हो?" यात्रा नेणाऱ्या काकांकडे एक जाडजूड वही असे. कुठल्या गावात धर्मशाळा आहे, पाणी विहिरीचं की नळाचं, बायकांना आंघोळीला आडोसा आहे की नाही, सगळं त्यात लिहिलेलं. त्या वहीवर आम्ही निर्धास्त असायचो.

दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत त्या वहीची आठवण झाली. मुलानं आरव्ही भाड्यानं घेतली होती. म्हणजे चाकांवरचं घरच! ओटा, फ्रिज, पलंग, संडास, सगळं आत. मी खूश. चूल बरोबर आहे, आता कसली काळजी? पण पहिल्याच संध्याकाळी कळलं की घर बरोबर असलं तरी ते रात्री उभं कुठं करायचं हा प्रश्न उरतोच. एक जागा भरलेली, दुसरीकडे रात्री गाडी लावायला मनाई. सूनबाई मोबाईलवर आधी राहून गेलेल्यांचे अनुभव वाचत होती. उजेड आहे का, रात्री कुणी दार ठोठावतं का. मी म्हटलं, "अगं, ही तर काकांची वही!"

ती म्हणाली, "आई, या देशात खरीच एक वही होती." आणि तिनं मला ग्रीन बुकची गोष्ट सांगितली. घरी आल्यावर मी त्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

व्हिक्टर ह्युगो ग्रीन हे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारे कृष्णवर्णीय पोस्टमन. 1936 साली त्यांनी कृष्णवर्णीय मोटार-प्रवाशांसाठी एक छोटी मार्गदर्शिका छापली. आधी न्यूयॉर्क परिसरापुरती, मग हळूहळू देशभराची. स्वतःची मोटार घेण्याची ऐपत आलेल्या कृष्णवर्णीय माणसालाही रस्त्यावरची हॉटेलं खोली देत नसत, कित्येक ठिकाणी जेवण नाही, संडासही वापरू देत नसत. म्हणून लोक डबे, पांघरुणं, पेट्रोलचा कॅन, अगदी बादलीसुद्धा गाडीत घेऊन निघत. काहीजण शोफरची टोपी जवळ ठेवत. पोलिसांनी अडवलंच, तर गाडी गोऱ्या मालकाची आहे म्हणून सांगायला.

सगळ्यांत भयंकर होती ती 'सनडाउन टाउन्स'. अशा कितीतरी गावांच्या वेशीवर पाट्या असत की कृष्णवर्णीयांनी सूर्य मावळायच्या आत गावाबाहेर व्हावं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आम्हीही सूर्यास्ताला भ्यायचो, पण ती भीती व्रत मोडण्याची. यांची भीती जिवाची.

ग्रीन बुकमध्ये हॉटेलं, पेट्रोल पंप, केस कापायची दुकानं, शिंपी असे सगळ्यांचे पत्ते असत. त्यातले 'टूरिस्ट होम' म्हणजे चक्क लोकांची राहती घरं, आणि त्यांपुढे कितीतरी बायकांची नावं. घरातली एक खोली झाडून ठेवायची, अनोळखी कुटुंबाला रात्री दार उघडायचं, सकाळी न्याहारी द्यायची. चार पैसे मिळत हे खरं, पण त्या दारामागे कुणाची तरी मुलं निवांत झोपत. 1960 साली ग्रीन गेले, तेव्हा त्यांच्या पत्नी अल्मा यांनी काम पुढे चालवलं. असल्या पुस्तकाची गरजच उरू नये, अशी इच्छा त्यांनी पुस्तकातच छापली होती. 1964 साली नागरी हक्कांचा कायदा झाला, आणि 1966-67 ची आवृत्ती शेवटची ठरली.

मेम्फिस शहरातलं लोरेन मोटेलही या पुस्तकात होतं. वॉल्टर आणि लोरी बेली हे जोडपं ते चालवत असे. 4 एप्रिल 1968 रोजी तिथल्याच सज्जात मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी घातली गेली. त्याच दिवशी लोरीबाईंना मेंदूचा झटका आला. किंग यांची अंत्ययात्रा निघाली त्या दिवशी त्याही गेल्या.

आता, 'तो देशच तसला' म्हणून पुस्तक मिटणं सोपं आहे. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कला शिकून 1917 साली बडोद्याला नोकरीवर आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले, आणि काही दिवसांतच काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. न्यूयॉर्कमध्ये ते राहिले तो भाग हार्लेमला लागूनच. आपल्याकडे मात्र अशांसाठी ग्रीन बुकही नव्हतं.

आणि आमची ती वही? एक प्रसंग मला अजून टोचतो. एका धर्मशाळेत आमच्या बसच्या ड्रायव्हरला खोली नाकारली. "फक्त आपल्या लोकांसाठी आहे," म्हणाले. दिवसभर आम्हांला सुखरूप आणणारा माणूस रात्रभर बसच्या सीटवर अंग आखडून झोपला. कुणी काही बोललं नाही. मी तेव्हा लहान होते, पण पुढे चाळिशीत महिला मंडळाच्या सहली नेऊ लागले, तेव्हाही ड्रायव्हर कुठं झोपतो हे मी कधी विचारलं नाही. पाणी गाळून घेतलंय ना, एवढंच बघितलं.

अमेरिकेहून आल्यावर सहलीच्या वहीत मी एक नवा रकाना आखला. ड्रायव्हरची झोपायची सोय. मुक्कामाला फोन करताना आता तो प्रश्न मी सगळ्यांत आधी विचारते. दोन ठिकाणांहून नकार आला, ती नावं खोडली. मंडळातल्या एकीनं विचारलं, "अहो, एवढ्यासाठी चांगली धर्मशाळा सोडायची?"

मी म्हटलं, "चांगली कुणासाठी, ते आधी ठरवू या."