सरल प्रणाली
महाराष्ट्रातील शाळा, शिक्षक व विद्यार्थी यांच्या नोंदी एकत्र ठेवणारी शालेय शिक्षण विभागाची संगणकीय व्यवस्था. प्रारंभ २०१५. प्रत्येक शाळेची ओळख अकरा अंकी यूडायस क्रमांकाने होते. त्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव व शाळा यांचे संकेतांक क्रमाने येतात. महाराष्ट्राचा संकेतांक २७ आहे.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सिल्लोड तालुक्यात, अजिंठ्यासारख्या गावातील शाळेची माहिती मुख्याध्यापक भरतात. केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी यांच्या स्तरांवरून ती जिल्हा व राज्य पातळीवर पाहता येते. विद्यार्थ्याने शाळा बदलल्यास नवी शाळा जुन्या शाळेकडे ऑनलाइन मागणी नोंदवते आणि त्याची नोंद वर्ग होते. पटसंख्येवरून संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदे, ठरते. त्यामुळे नोंदीतील चूक शाळेला महागात पडते.

वेतनासाठी ‘शालार्थ’ ही स्वतंत्र प्रणाली आहे. अध्ययनसाहित्य २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावर असून बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून ते उघडते. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेणारी भारतनेट योजना ग्रामीण जोडणीचा पाया आहे. मात्र ग्रामपंचायतीपासून वर्गापर्यंतची जोडणी, अखंड वीज आणि उपकरणांची देखभाल यांवरच या व्यवस्थेचा प्रत्यक्ष उपयोग अवलंबून राहतो.