झाडीपट्टी नाटक कंपनीतील तंटानिवारण

पूर्व विदर्भातील व्यावसायिक नाटक कंपन्यांत सहकलाकारांचे आपसांतील वाद प्रयोग न अडवता मिटवण्याची अलिखित रीत.

उगम : भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि गोंडपिपरीसह पूर्व चंद्रपूर या धानपट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमी दंडार व खडी गंमत या लोकनाट्यप्रकारांच्या परंपरेतून वाढली (पहा : खडी गंमत, दंडार). पूर्वी गावकरीच नाटक बसवीत. पुढे व्यावसायिक कंपन्या आल्या व वडसा (देसाईगंज) हे त्यांचे केंद्र बनले.

वैशिष्ट्ये : हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन होळीच्या सुमारास संपतो. प्रयोग रात्रभर चालतो. भूमिकावाटप, मानधन, जागरण आणि प्रवासातील सततचा सहवास यांतून कुरबुरी उद्भवतात. गावच्या मंडळाशी प्रयोग ठरलेला असल्याने वाद रंगमंचाबाहेर ठेवला जातो. सामान्यतः भूमिकेचा प्रश्न दिग्दर्शकाकडे, पैशाचा निर्मात्याकडे व व्यक्तिगत रुसवा ज्येष्ठ कलाकाराकडे जातो. न मिटल्यास कलाकार पुढील हंगामात कंपनी बदलतो.

महत्त्व : नट, वादक व तंत्रज्ञ यांची हंगामी मिळकत प्रयोगाच्या अखंडतेवर अवलंबून असते. (पहा : झाडीपट्टी रंगभूमी).